मेंढीच्या पाठीवर बसलेला देश : सिडनी ते 'हे' गाव, पाच दिवस

सप्टेंबरात ताईकडे सिडनीला जाऊन आले. सगळे विचारतायत ऑपेरा हाऊस कसं आहे, कांगारू दिसला का, तर हो दिसला आणि छान आहे. पण हे लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल.

मी व्हीगन होऊन सहा वर्षं झाली. दूध-दही-तूप सुटलं, चामड्याची चप्पल सुटली (कोल्हापूरच्या शेजारी राहून, हे विशेष), लग्नाचा शालू सोडला तर रेशीमही सुटलं. लोकरीचा मात्र कधी प्रश्नच आला नाही, मिरजेत स्वेटर घालायचे दिवस वर्षाला पंधरा. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटायचंच की लोकरीत काय एवढं, आपण केस कापतो तशी मेंढी कापायची, तिलाही गार वाटत असेल. आजीचं घोंगडं अजून माळ्यावर आहे आणि ते टाकायचा विचारही कधी मनात आलेला नाही. पण जायच्या आधी जरा वाचायला घेतलं आणि कळलं की हा अख्खा देश लोकरीवर उभा राहिलाय, तिथले लोक स्वतःच म्हणतात की आमचा देश मेंढीच्या पाठीवर बसून आला. म्हटलं चला, पाठ बघून येऊ. दाजींना लांब ड्रायव्हिंगचं वेड, ताईला सुट्टी होती, अकरा वर्षांची भाची नाइलाज म्हणून बरोबर.

दिवस पहिला : सिडनी, धक्का आणि गोदाम

सर्क्युलर कीला फेरी, फोटो, पोटात जेटलॅग. आज इथे क्रूझची जहाजं उभी असतात, पण दीडशे वर्षांपूर्वी या बंदरात लोकरीच्या गाठी भरून शिडाची जहाजं लंडनला सुटायची. कटी सार्क नावाचं प्रसिद्ध जहाज आधी चीनचा चहा न्यायचं, मग लोकर न्यायला लागलं आणि 1885 साली ते सिडनीहून 73 दिवसांत इंग्लंडला पोचलं. वेळेत पोचलं तर लंडनच्या लिलावाला माल लागायचा म्हणून ही घाई.

मग पिरमाँटला गेलो. तिथे गोल्ड्सबरो मॉर्ट कंपनीचं 1883 चं लोकरीचं गोदाम आहे, आता त्याचे फ्लॅट झालेत. ताईच्या ओळखीच्या एक काकू तिथे भाड्याने राहतात त्यामुळे आत जाता आलं. लाकडी खांब असे की मला दोन्ही हातांत मिठी मारता येईना. पूर्वी अशा गोदामांत सगळ्यात वरच्या मजल्यावर छतातून उजेड घेऊन गाठी फोडून ठेवायचे, खरेदीदार लोकर उजेडात धरून, बोटांवर ताणून बघायचे. काकू म्हणाल्या पावसात अजून एक वास येतो गं, मेणचट, ओल्या कुत्र्यासारखा. पाऊस होताच, मी वास घेत खांबापाशी उभी राहिले, मला फक्त त्यांच्या कांदेपोह्यांचा आला. पोहे उत्तम होते, शेंगदाणे जरा कमी.

टीप: फेरी-ट्रेन-बस सगळीकडे बँकेचं कार्ड टॅप करून चालतं, वेगळं कार्ड काढत बसू नका.

दिवस दुसरा : हॅरिस पार्क आणि एलिझाबेथ फार्म

पॅरामाटाजवळचं हॅरिस पार्क म्हणजे आपलीच लोकं. स्टेशनवरून उतरलं की डोसा, चाट, मिठाई, सोनं. ऑर्डर देताना 'तूप नको, लोणी नको, तेलावर करा' असं हिंदीत सांगता येणं म्हणजे काय सुख असतं ते व्हीगन माणसालाच कळेल. गुंटूर डोसा खाल्ला, घाम आला, आणि तिथून चालत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांत एलिझाबेथ फार्म.

म्हणजे बघा, ज्या घरात ऑस्ट्रेलियाच्या लोकरीचा धंदा मनात धरला गेला ते घर आता डोशाच्या वासाच्या टप्प्यात आहे. 1793 साली बांधलेलं हे बसकं, रुंद व्हरांड्याचं घर, आपल्याकडच्या जुन्या डाक बंगल्यासारखं. इथे मालक नसल्यासारखं सगळ्याला हात लावता येतो, खुर्चीत बसा, कपाट उघडा, कोणी ओरडत नाही. भाची लगेच खूश.

मालक जॉन मॅकार्थर, लष्करातला माणूस, भांडकुदळ. 1797 मधे दक्षिण आफ्रिकेच्या केपहून स्पॅनिश वंशाच्या मेरिनो मेंढ्या इथे आल्या, त्यातल्या काही याने घेतल्या. पुढे 1808 मधे गव्हर्नरविरुद्ध बंड झालं त्यात हा पुढे, मग 1809 ते 1817 इंग्लंडमधेच अडकून पडला. ती आठ वर्षं मेंढ्या, पैदास, हिशेब, कैदी मजूर हे सगळं बायकोने, एलिझाबेथने सांभाळलं. आणि दोन डॉलरच्या जुन्या नोटेवर चित्र कोणाचं, तर जॉनचं आणि एका मेंढ्याचं! ताई म्हणाली आपल्याकडे काय वेगळं असतं, सातबारा कोणाच्या नावावर बघ.

पण मी व्हरांड्यात बसून वेगळाच विचार करत होते. या माणसाने केलं काय, तर मेंढी निवडली. जी जास्त बारीक, जास्त दाट लोकर देईल ती ठेवायची, बाकीची कापायची. पुढच्या दोनशे वर्षांत सगळ्यांनी हेच केलं. रानटी मेंढीचे केस उन्हाळ्यात आपोआप गळतात, तिला न्हावी लागत नाही. मेरिनोचे गळत नाहीत, वाढतच राहतात. आज एक मेरिनो वर्षाला साधारण चार-पाच किलो लोकर अंगावर बाळगते, आणि या घरातल्या पहिल्या मेंढ्यांना एवढ्याची स्वप्नंही पडली नसतील.

टीप: हे म्युझियम आठवड्यातले काही दिवसच उघडं असतं, वेळ बघूनच जा. अंगणात जुनं ऑलिव्हचं झाड आहे, ते चुकवू नका.

दिवस तिसरा : कॅम्डेन, ॲपिन, गोलबर्न

सकाळी दक्षिणेला निघालो. निघायला दीड तास उशीर, कारण भाचीचा एक बूट सापडत नव्हता, तो गाडीतच होता.

कॅम्डेनच्या परिसराला पूर्वी काऊपाश्चर्स म्हणायचे, त्याची गोष्ट मला फार आवडली. 1788 मधे इंग्रजांच्या पहिल्या जहाजांबरोबर आणलेली चार-सहा गुरं पळून गेली. सात वर्षांनी, 1795 ला सापडली तेव्हा त्यांचा चांगला मोठा कळप झालेला, इथे नदीकाठी मजेत चरत होती, ना गोठा ना दावं. सगळ्या प्रवासात ऐकलेली ही एकच गुरांची गोष्ट जिच्यात गुरं जिंकली. अर्थात थोडेच दिवस. 1805 मधे मॅकार्थर लंडनहून तिथल्या मंत्र्याची, लॉर्ड कॅम्डेनची चिठ्ठी घेऊन परत आला, इथली 5000 एकर जमीन मेंढ्यांसाठी द्या म्हणून. मंत्र्याचंच नाव इस्टेटीला दिलं की झालं. आज तिथल्या बेलजेनी फार्ममधे जुन्या लाकडी कोठ्या, तबेले बघता येतात, आजूबाजूला हिरवेगार डोंगर, महाबळेश्वरच्या पायथ्याला आल्यासारखं वाटतं.

ती जमीन मोकळी नव्हती हे सांगायला नकोच. धारावाल नावाचे आदिवासी लोक तिथे होते. (हो, धारावाल. दाजींनी 'धारावी' विनोद केला, कोणी हसलं नाही.) जवळच्याच माउंट ॲननच्या बोटॅनिक गार्डनमधे आम्ही डबा खाल्ला, तिथे झाडांची माहिती देणाऱ्या एका आजीबाईंनी मला मुरनाँगबद्दल सांगितलं. पिवळ्या फुलाचं छोटं झुडूप, खाली मुळ्यासारखे कंद. दक्षिणेकडच्या भागात, व्हिक्टोरियात तर खूपच, आदिवासी बायका टोकदार काठीने हे कंद उकरायच्या, भाजून खायच्या, आणि उकरल्यामुळे माती भुसभुशीत राहून ते अजून यायचे. मेंढ्या आल्या आणि त्यांनी पानं तर खाल्लीच, मऊ मातीतून कंदही उपटून खाल्ले, वर त्यांच्या खुरांनी जमीन दगडासारखी घट्ट झाली. काही वर्षांत मुरनाँग दिसेनासं झालं. मला आपले करांदे आठवले. समजा कोणीतरी येऊन सह्याद्रीतले सगळे करांदे, सुरण, कडूकंद एका पावसाळ्यात चरून टाकले आणि मग उपाशी माणसाने एक मेंढी मारली तर त्याला चोर म्हटलं. तिथे हेच झालं. माणसं कंदमुळं खात होती, ते अन्न मेंढीने खाल्लं, आणि मेंढी कशासाठी, तर इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या गिरण्यांना बारीक धागा हवा म्हणून.

तिथून ॲपिन फार लांब नाही. 17 एप्रिल 1816 च्या पहाटे गव्हर्नर मॅक्वारीने पाठवलेल्या सैनिकांनी इथे धारावाल लोकांच्या मुक्कामावर हल्ला केला, काहींना गोळ्या घातल्या, काही दरीच्या कड्यावरून खाली गेले. सरकारी नोंद 14 मृतांची, त्यात बायका-मुलं होती. कॅटरॅक्ट धरणापाशी एक स्मारक आहे. आम्ही गेलो तेव्हा तिथे कोणीच नव्हतं, वारा होता, आणि एक कुटुंब पलीकडे पिकनिकचं टेबल पुसत होतं. भाचीने वाचलं आणि विचारलं, शाळेत हा मॅक्वारी चांगला म्हणून शिकवलाय, मग? ताई म्हणाली गाडीत बस, सांगते. गाडीत बराच वेळ कोणी काही सांगितलं नाही.

संध्याकाळी गोलबर्न. हायवेवरून उतरतानाच तो दिसतो, बिग मेरिनो. सिमेंटचा मेंढा, 15 मीटर उंच, म्हणजे पाच मजली इमारत, 1985 साली बांधलेला आणि 2007 मधे अख्खाच्या अख्खा उचलून हायवेजवळ आणून ठेवलेला. पोटात दुकान, वर लोकरीचं प्रदर्शन. मागून बघितलं तर शिल्पकाराने काहीही शिल्लक ठेवलेलं नाही, सगळं शास्त्रोक्त, त्यामुळे सगळ्यांचे फोटो मागूनच. मीही काढला, का खोटं बोलू.

रात्री थंडी अशी की दात वाजायला लागले. माझं जाकीट पॉलिएस्टरचं, मोटेलच्या बाईने बघून सांगितलंच की बये, लोकर घे, हे प्लॅस्टिक आहे. खरंय तिचं, प्लॅस्टिकच आहे, धुतलं की त्याचे धागे समुद्रात जातात. माझ्याकडे याला स्वच्छ उत्तर नाही. दोन टीशर्ट, त्यावर जाकीट, त्यावर ताईची शाल (कॉटन) असं करून झोपले.

टीप: छोट्या गावांत व्हीगन म्हणजे चिप्स आणि कॉफी एवढंच धरून चाला. सुपरमार्केटमधून बीन्सचे डबे, ब्रेड, हुमस घ्या आणि घरून मेतकूट आणा. काही बेकऱ्यांत व्हीगन 'पाय' (आत सारण भरलेली भाजकी पेस्ट्री) मिळते, विचारून बघा, गरम असेल तर बरी लागते.

दिवस चौथा : कॅनबेरा, यास, पिवळी शेतं

कॅनबेराच्या नॅशनल म्युझियममधे मला एकच वस्तू बघायची होती. क्रिसची लोकर.

2015 मधे कॅनबेराजवळच्या मुलिगन्स फ्लॅट नावाच्या अभयारण्यात फिरायला गेलेल्या लोकांना एक मेंढा दिसला, किंवा खरं तर लोकरीचा ढीग दिसला ज्याला पाय होते. कळपातून हरवून पाच-सहा वर्षं कापला न गेलेला. त्याला चालता येत नव्हतं, नीट दिसतही नव्हतं. भूल देऊन कापला तेव्हा 41.1 किलो लोकर निघाली, जागतिक विक्रम. 2019 मधे तो गेला. लोकर म्युझियमकडे आली.

काचेमागे तो ढीग बघताना प्रथम घाणच वाटते, मळकट, भुरा, गाद्या पिंजायला टाकतात तसा. मग हळूहळू कळतं की यातली एकेक गाठ कोणाच्या तरी अंगावर लटकत होती. शेजारी एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, बघ, म्हणून मेंढीला कापावंच लागतं, नाहीतर बिचारी मरेल. हे वाक्य मी आत्तापर्यंत शंभरदा ऐकलंय आणि त्याला मला कधी उत्तर सुचलं नव्हतं, कारण ते खरंच आहे, मरेलच. पण दोन दिवसांपूर्वी त्या व्हरांड्यात बसले होते म्हणून असेल, या वेळी वाटलं की हे म्हणजे सावकाराने आधी घर गहाण पाडायचं आणि मग दर महिन्याला थोडी सूट देऊन 'मी नसतो तर तुझं काय झालं असतं' म्हणायचं. क्रिसचा जीव न कापल्यामुळे धोक्यात आला हे बरोबर. पण न कापल्यावर जीव जाईल अशी मेंढी आधी कोणीतरी बनवली, लंडनच्या लिलावातला भाव बघून बनवली.

दुपारी यास. नदी, जुन्या इमारती, निवांत गाव, आणि एक इतिहास जो कोणी सहज सांगणार नाही. 1840 च्या दशकात मंदी आली, मेंढीचा भाव पार सहा पेन्सपर्यंत (म्हणजे अर्ध्या शिलिंगवर) उतरला. 1843 मधे इथल्याच हेन्री ओब्रायन नावाच्या जमीनदाराने दाखवून दिलं की मेंढी मोठ्या कढईत उकळून तिची चरबी काढली तर प्रत्येकी पाच-सहा शिलिंग सुटतात. मग काय, ठिकठिकाणी कढया चढल्या, कळपच्या कळप उकळले, चरबी पिंपांत भरून इंग्लंडला, तिथे मेणबत्त्या आणि साबण. म्हणजे 'लोकरीसाठी मेंढी मारावी लागत नाही' हे ज्याला वाटतं त्याने एकदा यासला जावं, भाव पडला की लोकरीची मेंढी काय होते ते इथे कळतं. आणि हे जुनंच आहे असंही नाही. 1991 च्या फेब्रुवारीत सरकारी पाठिंब्याची लोकरीची हमीभाव योजना कोसळली तेव्हा 47 लाख गाठी गोदामांत पडून होत्या, आणि त्या सुमारास लाखो मेंढ्या गोळ्या घालून खड्ड्यांत पुरल्या. आपल्याकडे टोमॅटो रस्त्यावर ओततात तसं, फक्त टोमॅटोला डोळे नसतात.

यासनंतर मात्र मूड बदलला. दोन्ही बाजूंना कॅनोलाची (मोहरीच्या जातीचं तेलाचं पीक) शेतं, मैलोनमैल पिवळीधमक, त्यात वॅटलची झाडंही पिवळी फुललेली. जेजुरीला भंडारा उधळल्यावर पायऱ्या दिसतात ना, तसा डोंगरच्या डोंगर. दाजींनी चार वेळा गाडी थांबवली. मुक्काम वॉगा वॉगा, तिथे थाई हॉटेलात टोफू मिळाला, फिश सॉस नको हे दोनदा सांगा.

टीप: अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर उड्या मारत येतात. आणि सप्टेंबर म्हणजे मॅगपायचा विणीचा हंगाम, हे पक्षी डोक्यावर झडप घालतात, सायकलवाले हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या लावून फिरतात. मला विनोद वाटला होता, दाजींना पेट्रोल पंपावर दोन टोचे बसेपर्यंत.

दिवस पाचवा : हे

गावाचं नाव हे. 'कुठे चाललो?' 'हेला.' 'हे म्हणजे कुठे?' असं सकाळपासून चाललेलं. वॉगापासून अडीचशे किलोमीटरच्या वर, आणि शेवटचा पट्टा म्हणजे हे प्लेन, इतकं सपाट की रस्ता क्षितिजात बुडतो. झाड नाही, टेकडी नाही, मधेच इमू. याच मैदानांवर 19 व्या शतकात मेंढ्यांची प्रचंड राज्यं होती. 1891 च्या सुमारास देशात 10 कोटींच्या वर मेंढ्या होत्या, मग सात वर्षांचा दुष्काळ पडला आणि 1902 पर्यंत त्या जवळपास निम्म्यावर आल्या. ज्या जमिनीने एवढ्या खुरांना कधी बघितलंच नव्हतं तिथे गवत संपल्यावर धूळ उरली. आटपाडी-माणचा दुष्काळ बघितलेल्या माणसाला चारा छावणी नसती तर काय झालं असतं याची कल्पना करता येईल.

इथे शिअर आऊटबॅक नावाचं म्युझियम आहे, लोकर कापणाऱ्या कामगारांचं. आणि मला हे कबूल करायला हवं की मी रागावायच्या तयारीने गेले होते आणि ते जमलं नाही. जुन्या शेडमधे एका निवृत्त शिअररने कापून दाखवलं. वय सत्तरीचं, कंबर कायमची वाकलेली, पायात मऊ तळव्याचे बूट. त्याने मेंढी पुढच्या पायांनी उचलून ढुंगणावर बसवली, पाठ आपल्या गुडघ्यांना टेकवली, आणि ती एकदम लुळी पडली, जणू पोतं. आधी पोटाची लोकर, ती वेगळी फेकायची, कमी प्रतीची. मग मांडी, मग मान, मग लांब लांब हात पाठीवरून, यंत्राचा घर्र आवाज, आणि आतून लोकर इतकी पांढरी, सायीसारखी, की मळक्या मेंढीतून हे निघतंय यावर विश्वास बसेना. अख्खी लोकर गोधडीसारखी एकसंध निघाली. मांडीपाशी एक लाल रेघ, करंगळीएवढी. त्याने अंगठा फिरवला आणि पुढे गेला. पूर्वी शेडमधे याच्यासाठी एक पोऱ्या असायचा, डांबराचा डबा घेऊन, कुठे कापलं की हाक मारायची, तो येऊन डांबर फासायचा.

नंतर त्याच्याशी बोलले. पैसे नगावर मिळतात, शंभर मेंढ्यांमागे, त्यामुळे जो सावकाश जपून कापेल तो उपाशी मरेल हे त्यानेच सांगितलं. 1892 मधे जॅकी हाऊने साध्या कात्रीने एका दिवसात, 7 तास 40 मिनिटांत 321 मेंढ्या कापल्या, तो यांचा देव. मी हिशेब केला, मेंढीमागे दीड मिनिटसुद्धा नाही. 1891 मधे याच कामगारांनी मोठा संप केला, मोडला गेला. म्हणजे वरचा मालक कामगाराला पिळतो आणि कामगाराच्या गुडघ्यात मेंढी.

मग मी म्यूल्सिंगचं विचारलं आणि तो जरा गप्प झाला. 1880 च्या दशकात अमेरिकेतून व्हरमाँट जातीचे सुरकुत्यांचे मेंढे आणले, कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त, असा हिशेब. पण त्या सुरकुत्यांत शेपटीखाली मूत-लेंडी साचते, माशी अंडी घालते, अळ्या जिवंत मेंढी खातात. त्यावर 1930 च्या आसपास म्यूल्स नावाच्या शेतकऱ्याने उपाय काढला, कोकराच्या शेपटीभोवतीची कातडीच कापून काढायची, तिथे चट्टा राहतो, लोकर येत नाही. न्यूझीलंडने 2018 मधे हे बंद केलं, ऑस्ट्रेलियात अजून चालतं. म्हातारबुवा म्हणाले, माशी लागलेली मेंढी तू बघितली नाहीस, बघितली असतीस तर तूच सुरी मागितली असतीस. मी म्हटलं, सुरकुत्या कोणी आणल्या? ते हसले, खांदे उडवले, म्हणाले, मी फक्त कापतो.

'हिचं पुढे काय?' भाचीने त्या मेंढीकडे बोट करून विचारलं. ही इथे दाखवायला असते, म्हणाले, पण शेतावर दात पडले की ट्रक. बऱ्याच अरबस्तानात जिवंत जहाजाने जायच्या, ते आता कायद्याने 1 मे 2028 पासून बंद होणार आहे.

मला धनगर आठवले. दिवाळीनंतर शेतात मेंढ्या बसवायला येतात, रात्री लेंडीखत, सकाळी पुढे. आपली दख्खनी मेंढी खरखरीत, काळी, तिची लोकर गिरणीला नको असते, घोंगड्यापुरतीच. तीही शेवटी कापलीच जाते, बाजारात जाते, मला त्याचं काही गोड करून सांगायचं नाहीये. आजीच्या घोंगड्याचं काय करायचं तेही अजून ठरलेलं नाही. पण तिच्या पाठीवर कोणी अख्खा देश बसवला नव्हता.

टीप: हेला पेट्रोल भरूनच निघा, पुढे लांबपर्यंत काही नाही. सूर्यास्त मैदानात जाऊन बघा, फुकट आहे आणि पैसे देऊन बघावा असा आहे.

गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक शिलिंग मिळालं, 1943 चं, चांदीचं. एका बाजूला इंग्लंडचा राजा, दुसऱ्या बाजूला वळणदार शिंगांचं मेंढ्याचं डोकं. दुकानदार म्हणाला हा आपल्याच भागातला, उआर्ड्री फार्मचा, 1932 च्या सिडनीच्या प्रदर्शनातला चॅम्पियन, त्याच्यावरूनच हे चित्र काढलं. गळ्याशी त्या सुरकुत्या नाण्यावरसुद्धा दिसतात, बोटाला लागतात.

मिरजेला आल्यावर बॅग उघडली तेव्हा आईने ते नाणं हातात घेतलं, चष्मा वर केला, खूप वेळ बघितलं आणि म्हणाली, टाकासारखंच आहे की गं, खंडोबाच्या शेजारी ठेवू का?